दहा सेकंद

द्वारनने बंदराच्या वरच्या गल्लीत, गुलवेनच्या स्वयंपाकघरात
टेबलावर तीन वस्तू:
सार्डिनचा उघडा डबा, खारट लोण्याची वडी,
आणि स्वाझिगचा लॅपटॉप.
"सांग एनोरा, मेलंय की झोपलंय?"

मेलं नाही. झोपलंही नाही.
फक्त त्याची विचारपूस आता कुणी करणार नाही.
नवी विंडोज या हाडांना पेलत नाही,
जुनीला यापुढे ठिगळं मिळायची नाहीत.
गुलवेनने चाळीस वर्षं ट्रॉलरची इंजिनं खोलली,
'सपोर्ट संपला' त्याला फोडून सांगावं लागत नाही.
"म्हणजे बोल्ट धड आहे, पण बाजारात आट्यांचं माप बदललं."
हो. अगदी तेच.

रेनहून तांगी फोनवर: बाबा, मॅक घ्या,
सगळं आपोआप होतं.
फोन कानापासून लांब धरून गुलवेन मला सांगतो,
"आपोआप फक्त गंज चढतो."
शिवाय किंमत.
तेवढ्यात पश्चिमेकडचं छप्पर शाकारून होईल.

माझ्या खिशात पेनड्राइव्ह. लिनक्स.
फुकट, अंगाने हलकं, आणि बरेचसे मेन्यू ब्रेतॉनमध्ये.
त्याने चष्मा कपाळावरून खाली ओढला.
ही भाषा बोलला म्हणून शाळेत
तो भिंतीकडे तोंड करून उभा राहिला होता, दोन हिवाळे.
आता पडद्यावर 'उघडा', 'जपून ठेवा', 'बंद करा',
आईच्या शब्दांत.
"याला कुणी शिकवलं?"
असतात काही लोक, मी म्हटलं, रात्री जागून करतात.
"पगार?"
नाही.
तो बराच वेळ हसला, मग खोकला.

एकच गोष्ट, मी म्हणाले,
पाटी कोरी करावी लागेल.

पावावर लोणी फिरवणारी सुरी थांबली.
त्याने लॅपटॉप स्वतःकडे ओढला, पासवर्ड टाकला
(कुत्र्याचं नाव, सगळ्या गल्लीला ठाऊक).
स्वाझिगचा डेस्कटॉप:
दोरीवर वाळत घातलेल्या मोज्यांसारखे आयकॉन,
'वीजबिल', 'वीजबिल नवं', 'वीजबिल खरं'.
आणि पत्त्यांचा खेळ, एकट्याने खेळायचा.
डाव: चार हजार दोनशे अकरा.
जिंकलेले: एकोणचाळीस टक्के.

"हे तिकडे नेता येतं?"

फोटो येतात. बिलं येतात, तिन्ही.
हा आकडा नाही.
कागदावर लिहून ठेवा, असं मी म्हणून गेले
आणि मग उगाच खिडकीबाहेर बघत बसले.

दोन डगरींवर पाय ठेवू नये म्हणतात.
पण डिस्कमध्ये जागा होती. मी मधोमध भिंत घातली.
अलीकडे लिनक्स: बँक, हवामान, भरती-ओहोटी, तांगीची पोरं.
पलीकडे स्वाझिगची विंडोज, जशी होती तशी,
इंटरनेट तोडून;
बाहेरचं दार चिणून टाकलेली खोली.

मशीन सुरू केलं. काळा पडदा, दोन ओळी,
खाली आकडे: दहा, नऊ, आठ.
"हे काय मोजतंय?"
तुम्ही निवडलं नाही, तर तेच निवडेल. वरची ओळ.
"दहा सेकंदांत?" त्याने माझ्याकडे असं पाहिलं
जणू मीच घाई करत होते.
"दहा सेकंदांत डिझेलसुद्धा तापत नाही."

मी फाइल उघडली,
दहाच्या जागी उणे एक लिहिलं.
उणे एक म्हणजे कितीही.
या गणिताला काही अर्थ नाही, पण यंत्र ऐकतं.

मोबदल्यात सार्डिनचे सहा डबे मिळाले.

पुढच्या मंगळवारी त्याचा फोन.
मला वाटलं काहीतरी बिघडलं.
"चार हजार दोनशे बारा," तो म्हणाला.
"हरलो.
पण टक्के तेवढेच आहेत. बघून घेतलं."